आधी वजनकाटा, मग पाना: गाडीवर कॅरिअर बसवताना

माझ्या जुन्या बोलेरोच्या छतावर सामानाचं पहिलं कॅरिअर चढलं ते ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून. त्यानं एक इंची चौकोनी पाइप कापला, वेल्डिंग मारलं, काळा रंग फासला आणि वर चढून दोन उड्या मारून दाखवल्या. "मालक, हत्ती बसवा. हलणार नाय." खरंच हललं नाही. सात-आठ महिन्यांनी छताच्या कडेची पन्हाळ मात्र दोन ठिकाणी वाकलेली दिसली. तिथला रंग उडून गंज धरला होता आणि पहिल्याच मोठ्या पावसात मागच्या सीटवर पाणी टपकायला लागलं. कॅरिअर हत्तीच्या मापाचं होतं, पन्हाळ बोलेरोची होती.

पहिल्यांदाच कॅरिअर घेताय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सध्या माझ्याकडे पाच दारांची जिमनी आहे, त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील; पण जिप्सी, बोलेरो, थार, गुरखा, गाडी कुठलीही असो, कामाचा क्रम हाच. एक गोष्ट मात्र आधीच पक्की करून घ्या. कॅरिअरनं गाडीत जागा वाढते, वजन न्यायची मुभा वाढत नाही. उलट कॅरिअरच्या स्वतःच्या वजनाइतकी ती घटते.

हिशेब आधी

सोलापुरात गाडीवाले एकत्र बसले की कॅरिअरबद्दल पहिला प्रश्न येतो, "दिसतंय कसं?" दुसरा, "कितीला पडलं?" वजनाचं कुणी विचारतच नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

गाडीच्या पुस्तिकेत एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते, म्हणजे गाडी, माणसं, सामान, सगळं धरून. पाच दारांच्या जिमनीची ती १५४५ किलो आहे. गाडीचं स्वतःचं वजन व्हेरिएंटप्रमाणे ११९५ ते १२१० किलो. वरचा आकडा धरला तर हातात उरतात ३३५ किलो. आता चार माणसं बसवा. सत्तर-सत्तर किलोची धरली तरी २८० गेले. उरले ५५. त्यात २५ किलोचं कॅरिअर चढवलं की ३०. आणि पाण्याचा एक २० लिटरचा जार ठेवला की उरले १० किलो. तंबू, शेगडी, दोरखंड, डबे अजून खालीच आहेत! चौघांनी जायचं आणि वर डोंगर रचायचा हा बेत या गाडीत बसत नाही. दोघांनी जायचं असेल तर खुशाल बसतो.

हा झाला एक आकडा. दुसरा आकडा छताचा. छतावर जास्तीत जास्त किती किलो चालेल हे पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं आणि तो आकडा पाहून बहुतेकांचा चेहरा पडतो, इतका तो लहान असतो. त्या आकड्यात कॅरिअरचं वजनही मोजायचं. तिसरा आकडा कॅरिअर बनवणाऱ्याचा. खोक्यावर ७५ किलो लिहिलं असेल तर ते बहुधा गुळगुळीत डांबरी रस्त्यासाठी असतं. कच्च्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात सामान उसळून आदळतं, म्हणून अनेक कंपन्या ऑफ-रोडसाठी तो आकडा दीडनं भागायला सांगतात. ७५ चे झाले ५०. या तिन्हींपैकी जो सगळ्यात लहान, तोच तुमचा.

"पण लोक तर छतावर तंबू लावून दोघं-दोघं झोपतात," असं कुणीतरी म्हणणारच. झोपतात, कारण तेव्हा गाडी उभी असते. उभ्या गाडीचं छत जे पेलतं आणि धावत्या गाडीचं जे पेलतं, त्यांत बराच फरक आहे. तंबूचं स्वतःचं वजन मात्र रस्त्यावरून नेताना धावत्या हिशेबातच धरायचं.

सामानाचं वजन घरीच काढता येतं. माणसाच्या वजनाच्या काट्यावर आधी नुसते उभे राहा, मग वस्तू कवेत घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. मी एका रविवारी कॅम्पिंगचं सगळं सामान असं मोजलं. जी पेटी "हलकी आहे" म्हणून वर टाकायचो ती १७ किलोची निघाली. तेव्हापासून ती मागच्या सीटच्या पायाशी जाते.

कुठलं घ्यायचं

दुकानात जाण्याआधी स्वतःच्या गाडीचं छत नीट बघा. जिमनी, जिप्सी, जुनी बोलेरो यांच्या छताच्या दोन्ही कडांना पन्हाळ असते, तिला दुकानात सगळे गटर म्हणतात. छताचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जिथे एकमेकांवर येऊन स्पॉट वेल्डनं जोडले जातात, त्या जोडाचीच ही पट्टी. आत सीलंट भरलेलं असतं. कॅरिअरचे पाय या पट्टीत उभे राहतात आणि खालून क्लॅम्प आवळला जातो. नवख्या माणसाला बसवायला सगळ्यात सोपा प्रकार हाच, कारण छताला एकही भोक पाडावं लागत नाही.

काही गाड्यांना छतावर लांबट रेल असतात. त्या खरोखर भार घेणाऱ्या आहेत की नुसत्या शोभेच्या, हे पुस्तिकेत बघा; दोन्ही प्रकार बाजारात आहेत आणि लांबून सारखेच दिसतात. कापडी छताच्या थारवर कॅरिअर हवं असेल तर त्याला बाहेरून, बॉडीला बांधलेली चौकट लागते. फायबरचं हार्डटॉप बाहेरून बसवून घेतलं असेल तर कॅरिअरचं वजन त्या फायबरवर येऊ देऊ नका. फायबर लगेच तुटत नाही. आधी बोल्टच्या भोवती केसासारख्या रेघा येतात, आणि त्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

छताला ड्रिल मारून बोल्ट टाकून देणारा कुणी भेटला तर हात जोडून परत या. पाणी गळणं ही त्यातली किरकोळ भानगड आहे. जिमनीत सहा एअरबॅग आहेत, त्यातल्या बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग छताच्या कडेच्या आतच गुंडाळून ठेवलेल्या असतात, शिवाय तिथून वायरिंगही जातं. ड्रिलला हे कळत नाही.

आता तयार घ्यायचं की बनवून घ्यायचं? सोलापुरात लोखंडाचं काम करणाऱ्या हातांना तोटा नाही. अक्कलकोट रोडला एक चक्कर मारली तरी हवं तसं बनवून देणारे भेटतील, आणि कामही चोख करतात. अडचण मालाची आहे. समजा १.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद कॅरिअर करायचंय. खालची चौकट ६ मीटर, वरचा कठडा आणखी ६, सात आडव्या दांड्यांचे ८.४ आणि उभ्या तुकड्यांचा एक मीटर, म्हणजे साधारण साडेएकवीस मीटर पाइप. १४ गेजचा, म्हणजे २ मिलिमीटर जाडीचा, २५ मिलिमीटर चौकोनी लोखंडी पाइप मीटरला जवळजवळ १.४४ किलो भरतो. गुणाकार केला की ३१ किलो. पाय आणि क्लॅम्प धरले की ३७-३८. हेच माप ॲल्युमिनियममध्ये मीटरला अर्धा किलो, म्हणजे साडेदहा-अकरा किलोत पडलं असतं. ॲल्युमिनियमचा सेक्शन मजबुतीसाठी जरा जाड घेतात, तरी फरक निम्म्याहून जास्त राहतो.

म्हणून माझं मत: बजेट असेल तर तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं ॲल्युमिनियमचं सपाट कॅरिअर घ्या. बजेट नसेल तर लोखंडाचं बनवून घ्या, पण कठडा काढून टाका, आडव्या दांड्या सातऐवजी पाच करा आणि १६ गेजचा, म्हणजे त्याहून पातळ, पाइप वापरा. हत्तीची गोष्ट निघाली तर हसून सोडून द्या. रंगाऐवजी पावडर कोटिंग करून घ्या आणि पाइपांची तोंडं वेल्डिंगनं किंवा रबरी बुचानं बंद करा. उघड्या पाइपात पाणी साचून आतून गंजतो, आणि वारं लागलं की बासरी वाजते ते वेगळंच.

पायांच्या बाबतीत कंजुषी नको. चार पायांपेक्षा सहा बरे. माझ्या बोलेरोला चारच होते, आणि प्रत्येक क्लॅम्पचं तोंड जेमतेम दोन बोटं रुंद. सगळा भार तेवढ्याशा पट्टीवर येत होता. पन्हाळ वाकली त्याचं कारण हेच.

कागदाचं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्यावर कडक निकाल दिल्यापासून सगळेच सावध झालेत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कंपनीच्या ॲक्सेसरी यादीतलं, नटबोल्टनं निघणारं कॅरिअर आणि त्याचं बिल जवळ असणं, हे छताला वेल्ड केलेल्या लोखंडापेक्षा केव्हाही बरं. आपल्या एमएच-१३ च्या आरटीओत तुमच्या मॉडेलचा फोटो दाखवून आधीच विचारून घ्या. विमा कंपनीलाही ईमेलनं कळवा, म्हणजे क्लेमच्या वेळी वाद उरत नाही. आणि कॅरिअरसोबत "फ्री" म्हणून येणारी एलईडी पट्टी पुढे लावू नका. समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांचा विचार करा.

काय काय लागेल

८ मिलिमीटरच्या बोल्टला १३ नंबरचा पाना, ६ च्या बोल्टला १० नंबरचा. ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेले, असतील तर अनुक्रमे ६ आणि ५ च्या ॲलन की. मोजायचा टेप, मास्किंग टेप, जुना टूथब्रश, शाम्पू, कोरडी फडकी, थोडं ग्रीस. टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते मोजणारा, असेल तर उत्तम. गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणला तरी चालतो. दोन घडीच्या शिड्या किंवा मजबूत स्टुलं. आणि दोन माणसं. एकट्यानं करायचं काम हे नव्हे, कितीही जोर असला तरी.

याखेरीज दोन जुन्या सोलापुरी चादरी. चेष्टा करत नाही. चौघडी करून छतावर अंथरली की त्या जाड विणीवरून कॅरिअर इकडंतिकडं सरकवता येतं आणि रंगाला ओरखडा येत नाही. नवीन घ्यायची गरज नाही. आपल्याकडे कुठल्याही घराच्या माळ्यावर चार तरी निघतातच.

बसवायचं कसं

सकाळी लवकर. फेब्रुवारी ते मे या काळात तर सहालाच. आपल्या मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि दुपारच्या छतावर हात टेकवत नाही. त्यात तांत्रिक कारणही आहे. ॲल्युमिनियम उन्हानं लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट वाढतं. दोन मीटर लांबीचं कॅरिअर ५० अंशांच्या फरकानं सव्वादोन-अडीच मिलिमीटर लांब होतं, खालचं लोखंडी छत सव्वा मिलिमीटरच्या आसपास. हा मिलिमीटरभराचा फरक पायांच्या रबरानं आणि लांबट भोकांनी सांभाळून घ्यायचा असतो. तापलेल्या अवस्थेत सगळं ओढून-ताणून आवळलं तर रात्री थंड झाल्यावर ताण क्लॅम्पवर येतो आणि कॅरिअर टक्‌टक् आवाज करायला लागतं.

आधी छत धुवा, पण खरं काम पन्हाळीचं. टूथब्रशनं आणि शाम्पूच्या पाण्यानं ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घासा. आपल्या भागातली काळी माती वाळली की दगड होते आणि सीलंटच्या कडेला चिकटून बसते. त्या मातीवर क्लॅम्प आवळला की तो सँडपेपर झाला म्हणून समजा. गाडी हलेल तसा रोज थोडा रंग खरवडला जाणार. मी जिमनीची पन्हाळ घासली तेव्हा पाणी चहासारखं निघालं, आणि गाडी रोज धुतली जात होती. धुतल्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या. कुठे रंगाचा टवका उडालेला दिसला तर टचअप रंगाचा ठिपका द्या आणि तो वाळेपर्यंत थांबा. घाई केलीत तर तो ठिपका क्लॅम्पलाच चिकटून निघतो.

तोवर जमिनीवर दुसरी चादर अंथरून खोकं उघडा. सगळे भाग मांडा, कागदावरच्या यादीशी नग मोजून घ्या. माझ्या खोक्यात दोन वायसर कमी होते. ते दुकान बंद होण्याआधी कळलं म्हणून बरं. कॅरिअरची चौकट खालीच जोडायची, पण बोल्ट फक्त बोटांनी फिरतील तितकेच. पाना अजून नको. स्टेनलेसच्या बोल्टला आट्यांवर किंचित ग्रीस लावा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं तर मध्येच जाम होतं, आणि मग कापण्याशिवाय इलाज नसतो. नायलॉक नट, म्हणजे सुटू नये म्हणून आत नायलॉनची कडी असलेले, आले असतील तर ग्रीस अगदी नावापुरतं, आणि एकदा पूर्ण आवळून काढलेला नायलॉक परत वापरायचा नाही. नवीन दहा-वीस रुपयांत मिळतो.

चौकट जोडली की कर्ण मोजा. एका कोपऱ्यापासून तिरक्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावायचा, मग दुसरे दोन कोपरे. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. दोन-तीन मिलिमीटर इकडंतिकडं चालतं. जास्त फरक असेल तर चौकट तिरकी आहे, हातानं ढकलून सरळ करा. बोल्ट ढिले का ठेवले ते इथे कळतं.

आता पायांच्या जागा. पन्हाळीवर मास्किंग टेपचे तुकडे लावून खुणा करा: पुढचा पाय पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून किती, मधला किती, मागचा किती. डावीकडची प्रत्येक खूण उजवीकडे तंतोतंत आली पाहिजे. दोन्ही बाजूंची मापं एकाच ठिकाणापासून घ्या. मी पहिल्या वेळी डावीकडे काचेच्या रबरापासून घेतलं आणि उजवीकडे पत्र्यापासून. कॅरिअर जराससं तिरकं बसलं, आणि शेजारच्या काकांनी गॅलरीतून ते सगळ्यात आधी ओळखलं. "ओ, गाडीनं टोपी वाकडी घातलीय की!"

छतावर चादर टाका. दोघांनी दोन बाजूंनी धरून कॅरिअर उचला, कडेवर न टेकवता सरळ मध्यावर ठेवा. मग एकेक पाय पन्हाळीत उतरवा. पायाखाली रबर येतंय ना, ते दुमडलं नाही ना, हे डोळ्यांनी बघा. बोटानं चाचपून भागत नाही. खोक्यातलं रबर फेकून सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचा सल्ला तुम्हाला मिळेलच. ऐकू नका. ट्यूबची पट्टी पाणी आणि माती धरून ठेवते, आणि तिच्याखालीच गंज सुरू होतो.

सगळे पाय बसले, चादर ओढून काढली, की आवळायला घ्या. आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. एक पाय पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. पुढचा डावा थोडा, मागचा उजवा थोडा, पुढचा उजवा, मागचा डावा, मग मधले. अशा तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत नुसतं टेकवायचं, दुसरीत निम्मं, तिसरीत पूर्ण. मध्ये एकदा थांबून छताच्या दोन्ही बाजूंचं अंतर परत मोजा.

पूर्ण म्हणजे किती? कागदावर जो टॉर्क दिलाय तितका. चौकटीच्या लोखंडी बोल्टला सर्वसाधारणपणे ६ च्या बोल्टसाठी १० न्यूटन-मीटरच्या आसपास आणि ८ साठी २५ च्या आसपास, पण पन्हाळीच्या क्लॅम्पला कंपनी याहून कमी सांगत असेल तर कमीच. क्लॅम्पचा बोल्ट २५ सहज घेईल हो, खालची पट्टी घेत नाही. टॉर्क पाना नसेल तर लांब पाना वापरू नका. तळहाताएवढा छोटा पाना घ्या, मनगटाच्या जोरावर फिरवा, खांदा मध्ये आणू नका. रबर थोडं फुगून बाहेर डोकावलं की थांबा. ते चुरगळून चपटं झालं तर जास्त झालंय.

पाने ठेवण्याआधी चारही दारं सावकाश उघडून बघा. दाराची वरची कड क्लॅम्पला घासता कामा नये. मागचं दार, अँटेना, सनरूफ असेल तर तेही. मग कॅरिअरच्या मध्यावर तळहातानं दाबा. खालचा छताचा पत्रा आणि दांडी यांच्यात बोटभर तरी फट राहिली पाहिजे. शेवटी कॅरिअरचा कोपरा धरून गाडी हलवायचा प्रयत्न करा. सस्पेन्शनसकट सगळी गाडी डोलली तर बसलं. नुसतं कॅरिअर हललं तर परत पहिल्या फेरीपासून.

पहिले काही दिवस

हा भाग लोक विसरतात, म्हणून बायकोची नेलपॉलिश मागून आणा. प्रत्येक आवळलेल्या नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ मारा. नट सुटायला लागला की रेघ तुटते आणि लांबूनच दिसतं. माझ्याकडे लाल होती, काळ्या कॅरिअरवर शोभूनही दिसली, पण घरातल्या बाटलीचा हिशेब द्यावा लागला.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत तपासायचे, कारण रबर दबून बसतं आणि थोडी ढील येतेच. मी हत्तरसंग-कुडलला एक फेरी मारली. भीमा-सीनेच्या संगमावरचं ते देऊळ, शके ९४० चा मराठी शिलालेख असलेलं, बघायला कारण लागत नाही; पण जाताना मधला कच्चा पट्टा कॅरिअरची परीक्षा घेतो. परत आल्यावर सहा पायांपैकी दोन रेघा सरकलेल्या होत्या, दोन्ही मागच्या पायांच्या. पुढच्या फेरीनंतर एकही नाही. त्यानंतर दर महिन्याला आणि प्रत्येक खडबडीत प्रवासाआधी नुसती नजर टाकली तरी पुरते.

हैदराबाद हायवेला ७०-८० च्या वेगात शिट्टी ऐकू आली तर घाबरू नका. पुढच्या आडव्या दांडीला जाडसर दोरी सापासारखी वळसे देत गुंडाळा, बोटा-दोन बोटांच्या अंतरानं. गोल किंवा चौकोनी दांडीमागे वारं एकसारख्या भोवऱ्यांत सुटतं आणि त्याचाच सूर लागतो. दोरीनं ते भोवरे तुटतात. पुढे तिरकी पट्टी लावायची सोय असेल तर ती अजून चांगली. पेट्रोल मात्र जास्त लागणारच, रिकाम्या कॅरिअरलाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो: ६० वरून ९० वर गेलात की सव्वादोन पट.

उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. जिमनी मुळात १७२० मिलिमीटर उंच आहे. माझ्या कॅरिअरनं १२० वाढवले, वर बांधलेल्या बॅगेनं ३५०. झाली २१९० मिलिमीटर. हॉटेलच्या बेसमेंट पार्किंगमध्ये शिरताना ते एक चिटोरं फार कामाला येतं.

बांधताना आणि चालवताना

वर काय ठेवायचं? मोठं आणि हलकं. तंबू, गाद्या, झोपायच्या पिशव्या, घडीच्या खुर्च्या. पाणी, हत्यारं, जॅक, धान्य खाली, मागच्या चाकाच्या पुढे. पेट्रोलचा कॅन आणि गॅसची टाकी सोलापूरच्या उन्हात छतावर? नाही. यात मला चर्चाच करायची नाही.

बांधायला रॅचेट बेल्ट घ्या, म्हणजे खटका मागेपुढे करून ताणायचा पट्टा. आकड्याचे रबरी दोर ताणले जातात आणि धक्क्याला सामान उसळू देतात, शिवाय सुटला तर आकडा सरळ डोळ्याकडे येतो. बेल्ट सामानावरून नेताना त्याला एक-दोन पीळ द्या. सपाट बेल्ट वाऱ्यात फडफडून ट्रॅक्टरसारखा घरघरतो, पीळ दिला की गप्प बसतो. बेल्टाची उरलेली शेपटी बांधून टाका, लोंबती ठेवू नका. सामानाला पुढून-मागूनही एकेक बेल्ट हवा, नुसते आडवे पुरत नाहीत. जोरात ब्रेक लागला की सामान पुढे सरकतं.

वर वजन असताना गाडी वेगळी वागते, आणि पहिल्यांदा ते वळणावर कळतं. नळदुर्गला जाताना नेहमीच्या वेगानं एक वळण घेतलं तर गाडी जरा उशिरा झुकली आणि जरा उशिराच परत सरळ झाली. पोटात गोळा आला. तिरक्या उतारावर, म्हणजे एक बाजू उंच एक खाली अशा ठिकाणी, भरलेल्या कॅरिअरनं जाऊच नका; वळसा घ्या किंवा सामान उतरवा. पावसात काळ्या रानात चाक एका बाजूनं रुतलं तरी तीच गत होते.

झाडांचं लक्षात राहत नाही. बांधावरच्या वेड्या बाभळी बरोबर कॅरिअरच्या उंचीवर काटे घेऊन उभ्या असतात. माझी ताडपत्री एकदा तशी पुढून मागेपर्यंत फाटली होती. गाळप हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांच्या शेजारून जाताना तेच: बाहेर आलेली मोळी काचेला चुकते, कॅरिअरला अडकते. आणि नान्नजच्या बाजूचं माळरान मोकळं दिसतं म्हणून गाडी आत घालू नका. तो माळढोकाचा अधिवास आहे, अभयारण्य आहे, आणि उघड्या गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी चाकाखाली दिसत नाहीत.

मी कॅरिअर वर्षभर वर ठेवत नाही. एप्रिलच्या सुरुवातीला उतरवतो, पन्हाळ परत टूथब्रशनं घासतो, रबरं पावडर लावून पिशवीत ठेवतो, चौकट भिंतीला दोन खुंट्यांवर टांगतो. नटबोल्ट, वायसर आणि ॲलन की शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात जातात. झाकणावर मार्करनं लिहिलेलं आहे: "६ पाय, १२ बोल्ट, १३ चा पाना. चटणी नाही." शेवटचे दोन शब्द मुलासाठी.